आईच्या नावापुढचा रिकामा रकाना

प्रमिला गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिलाईल रोडला कोळणीशी बांगड्यांवरून हुज्जत घालत होते. फोनवर पाळकसाहेबांच्या मिसेस होत्या. "नंदाताई, साळवेबाई गेल्या हो. सकाळी उठल्या, चहा घेतला, पलंगावर बसल्या आणि बसल्या बसल्याच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. अशा वेळी माणसाच्या मनात पहिला विचार काय यावा? सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, अगं बाई, आता आमचं भांडण कोण मिटवणार! नऊ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. एकतीस वर्षांच्या मैत्रीत इतका लांब अबोला पहिल्यांदाच, आणि तो तिने असा कायमचा करून ठेवला. कोळीण विचारत होती, "काय झाला गो बाय?" मी हातातली पिशवी तिच्या पाटीशेजारी ठेवली आणि तशीच चालत परळला गेले. पिशवी संध्याकाळी तिने घरी पोचवली. आत साफ करून कापलेले बांगडे होते. ते मी शेजारी देऊन टाकले.

याला पाच आठवडे झाले. प्रमिलाबद्दल लिहा असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, चार चांगले शब्द लिहीन, मन मोकळं होईल. कसलं काय! माझ्या फोनमध्ये एक मेसेज पडून आहे, तिच्या भाच्याचा, सॅमीचा, अमेरिकेहून आलेला. "मावशी, आत्याने शेवटी काय ठरवलं होतं? हो की नाही? आता घरातला जवळचा माणूस मीच उरलोय, म्हणजे तसं मला कुणाला विचारायची गरज नाही. पण ती जे म्हणाली असेल तेच मी करीन." मी मेसेज वाचलाय हे त्याला तिकडे दिसतंय. तो बिचारा पुन्हा विचारत नाही, त्याने तर माझी जास्तच घालमेल होते. प्रश्न असा होता, की प्रमिलाच्या मेलेल्या आईला बाप्तिस्मा द्यायचा की नाही. हसू नका. मीही आधी हसले होते.

प्रमिला आणि मी परळला महापालिकेच्या शाळेत शिकवत होतो. तिच्याकडे चौथी, माझ्याकडे तिसरी. मी मालवणी, तोंडाळ. ती नगरकडची, ख्रिस्ती, आणि इतकी हळू बोलणारी, की मागच्या बाकावरची मुलं तिच्या ओठांकडे बघून शुद्धलेखन उतरवायची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची, कायम. हेडबाईंची सूचना-वही फिरायची, सहलीला कोण येणार, हळदीकुंकवाला कोण थांबणार, आणि प्रत्येकीने आपल्या नावापुढे शाईने 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. प्रमिला अंबाड्यातली पेन्सिल काढायची आणि बारीक अक्षरात लिहायची, "आईला विचारून सांगते." चाळिशी उलटलेली बाई! आम्ही तिला किती छळलं त्यावरून. "साळवेबाई, लग्न नाही केलंत तेसुद्धा आईला विचारूनच का?" ती नुसती हसायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या आत येऊन पेन्सिलीचं खोडायची आणि वर शाईने 'हो' लिहायची. आई कधी नाही म्हणायचीच नाही, पण हिने विचारायचं सोडलं नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा एकदा सवयीने लिहून बसली. तिने स्वतःच रबर घेतला आणि खोडलं, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत परत कधी तसं लिहिलं नाही.

तिची आई, सोनाबाई, म्हणजे चार फुटांची ठेंगणी बाई, पण तिच्यापुढे भलेभले नरम पडायचे. लग्नानंतर दोन वर्षांनी तिच्या सासरचं सगळं घर ख्रिस्ती झालं. सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी सोनाबाई बाळंतीण होती, म्हणून ती तेवढी राहिली. पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन ये, दोघांचा एकदमच करू, असं ठरलं. बाळ एकोणिसाव्या दिवशी गेलं. गावचा प्रचारक नवा होता, नियमाला घाबरणारा होता. त्याने सांगितलं, डोक्यावर पाणी पडलेलं नाही, कुंपणाच्या आत पुरता येणार नाही. मग बाळाला कुंपणाबाहेर बाभळीखाली पुरलं. प्रमिला म्हणायची, "त्याचा काही दुष्टावा नव्हता गं." मी म्हणायचे, असता तर काय वेगळं केलं असतं मेल्याने? मी तिथे असते तर कान उपटून हातात दिले असते त्याच्या.

पुढे ते कुटुंब मुंबईला आलं. नवरा गिरणीत लागला. प्रमिला झाली, उत्तम झाला, दोघांना वेळेवर बाप्तिस्मा दिला, पण सोनाबाईने स्वतः घेतला नाही तो नाहीच. दर रविवारी चर्चला जायची, मागच्या बाकावर बसायची, गाणी सगळी पाठ. फक्त प्रभुभोजनाची वेळ झाली, भाकर आणि प्याला फिरायला लागला, की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. तिच्या हयातीत चार पाळक झाले, चौघांनी समजावलं. मी एकदा माझ्या आगाऊपणाने विचारलं होतं, "आई, सगळं करता, मग एवढंच का राहिलं?" ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझं लेकरू भायेर हाय बाई. म्या आत जाऊन बसू व्हय?"

सोनाबाई गेली तेव्हा तिला शिवडीच्या दफनभूमीत इतरांसारखंच पुरलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, बाप्तिस्म्याचं रजिस्टर काही कुणी उघडून बघितलं नाही. प्रमिलाला वाटलं, सुटली आई. आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

आणि मग हा सॅमी. उत्तमचा मुलगा, सोनाबाईच्या मांडीवर वाढलेला. शिकायला तिकडे गेला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, आणि तिच्यासोबत मॉर्मन झाला, म्हणजे ख्रिस्ताला मानणारा पण तिकडचाच एक वेगळा पंथ. उत्तमही नंतर लवकर गेला, त्यामुळे आत्या आणि भाचा, एवढेच दोघे उरले. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो व्हिडिओ कॉलवर होता, मी तिथेच खारी खात बसले होते. त्याने सांगितलं, की त्यांच्या मंदिरात मेलेल्या माणसांसाठी बाप्तिस्मा घेता येतो. म्हणजे मेलेल्याचं नाव वाचतात, आणि त्याच्या जागी एक जिवंत माणूस पांढरे कपडे घालून पाण्यात उतरतो, बुडी घेऊन वर येतो. "मला आजीसाठी करायचंय, आत्या. पण ती काही फार जुन्या काळातली नाही ना, म्हणून तिच्या सगळ्यात जवळच्या माणसाची परमिशन लागते. म्हणजे तुझी."

मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, पोरगं आजीची आठवण ठेवतंय, अजून काय पाहिजे! आम्ही तरी पितृपक्षात काय करतो? तीळ-पाणी सोडतो, पान वाढतो, पितरांना कुणी विचारायला जातं का, की बाबा रे, आज खीर चालेल ना? प्रमिला म्हणाली, "तुम्ही त्यांना जेवायला वाढता, नंदा. त्यांचं घर नाही बदलत." तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की मी खारी खाली ठेवली.

सॅमी पलीकडून म्हणाला, "आत्या, आम्ही आजीच्या वतीने हो नाही म्हणत. फक्त दार उघडून ठेवतो. आत यायचं की नाही, ते ती तिकडे ठरवेल. नाही म्हणायची तिला पूर्ण मोकळीक आहे." प्रमिलाने विचारलं, "आणि बाळ? आईचं पहिलं? त्याला तर नावही नव्हतं... त्याचं कसं करणार?" सॅमी अगदी सहज म्हणाला, "त्याला लागतच नाही, आत्या. आठ वर्षांच्या आत गेलेलं मूल सरळ देवाजवळ जातं. बाळ पहिल्या दिवसापासून आतच आहे."

त्याला वाटलं, आत्याला बरं वाटेल. मी प्रमिलाकडे बघत होते. "आतच आहे?" ती म्हणाली. "मग आई कुणासाठी बसली होती रे पायरीवर?"

थोड्या वेळाने तिने स्वतःचंही विचारलं. "माझा झालाय लहानपणी. तो तरी चालतो ना तुमच्यात?" सॅमी चाचरला. म्हणाला, आमच्यात तो परत घ्यावा लागतो, अधिकार असलेल्या माणसाकडूनच. "म्हणजे धरत नाही." "तसं नाही गं आत्या..." "तसंच आहे रे," ती म्हणाली आणि हसली, पण ते हसू मला काही आवडलं नाही. पोराचा राग आला मला. एका बाजूला त्याची माया दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला तो शांतपणे सांगत होता, की त्याच्या आत्याचं पासष्ट वर्षांचं ख्रिस्तीपण कच्चं आहे.

आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो. तरुण गृहस्थ, प्रेमळ, पण मुद्द्याला पक्के. त्यांनी सांगितलं, बायबलात पौलाच्या एका पत्रात मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे खरा, त्यावर विद्वान शतकानुशतकं डोकं फोडतायत. पण पौल म्हणतो ते लोक तसं करतात, तुम्ही करा असं काही तो सांगत नाही. मॉर्मन लोक त्यावर सगळा विधी उभा करतात, बाकीच्या बहुतेक चर्चना ते मान्य नाही. "बाप्तिस्मा हा ज्याचा त्याने आपल्या विश्वासाने घ्यायचा, किंवा लेकरासाठी आईबापांनी. गेलेल्या माणसाचं 'हो' आपण म्हणू शकत नाही, साळवेबाई. आणि 'नाही'ही म्हणू शकत नाही. ते देवाच्या दयेवर सोडायचं." प्रमिलाने विचारलं, "आणि बाळ?" ते म्हणाले, बाळाची चिंता तर मुळीच करू नका, त्या प्रचारकाने तसं बोलायलाच नको होतं, कुंपणं माणसांनी घातलेली असतात.

झालं! बाकी सगळ्या बाबतीत दोघांची तोंडं दोन दिशांना, पण बाळाच्या बाबतीत सॅमी आणि पाळकसाहेब एक. जिन्यावरून उतरताना प्रमिलाने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले. "बाळ आत आहे, हे दोघंही म्हणतात. मग माझी आईच तेवढी बाहेर राहिली ना, नंदा?"

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवण तुटलं, बीपी वाढलं. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुठेही मध्येच थांबून माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "ती अजून पायरीवरच असेल का गं?" एक दिवस म्हणायची, नाव देऊन टाकते, सॅमीचं खरं असलं तर माझ्या एका शब्दासाठी आई खोळंबली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणायची, नको. "जन्मभर तिने कुणाला कशाला नाही म्हटलं नाही. एकाच गोष्टीला नाही म्हणाली. तीच मी तिच्या माघारी करू?" मी पहिल्यांदा समजावलं, मग वैतागले. तीन महिने रोज तेच ते! मला खरंच भीती वाटायला लागली होती, की हिला काहीतरी होणार. आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग.

त्या दिवशीही चिडलेच. तिच्या घरी होते, ती गॅसपाशी होती, फोन टेबलावर होता. सॅमीचा मेसेज वर दिसत होता, घाई नाही आत्या, सावकाश सांग. मी म्हटलं, बस झालं आता. तिचा फोन उचलला, 'हो' टाइप केलं आणि पाठवून दिलं. वर तिला सांगितलं, "घे, मिटवला विषय. आता दोन घास नीट खा." प्रमिला अशी धावत आली, की भांडं खाली पडलं. मेसेज पुसायचा कसा ते तिला सापडेना. शेवटी मीच पुसून दिला. तिकडे तो झोपलेला होता, त्याने वाचला नव्हता. प्रमिला खुर्चीत बसली. एकतीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "माझ्या आईला कुणी विचारलंच नाही कधी. त्या प्रचारकाने नाही विचारलं. आज तूही नाही विचारलंस." मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला काय विचारायचं, कपाळ?" आणि पर्स उचलून निघाले. जिना उतरताना वाटलं होतं, ही हाक मारेल. नाही मारली. मीही नऊ दिवस हट्टाने फोन केला नाही. दहाव्या दिवशी बांगड्यांच्या पाटीसमोर तो फोन आला.

अंत्यविधीनंतर पाळकसाहेबांच्या मिसेसनी आणि मी तिची खोली आवरली. उशाशी तिचं शास्त्र होतं, म्हणजे बायबल, काळ्या कव्हरचं, शिवण सुटू नये म्हणून कापडाने बांधलेलं. सॅमी फोनवर म्हणाला, ते मावशीकडे राहू दे. त्यात पुढे कुटुंबाच्या नोंदीचं छापील पान आहे हे मला माहीत होतं. जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू, असे रकाने. प्रमिलाने मला ते एकदा दाखवलं होतं. सोनाबाईच्या नावापुढे बाप्तिस्म्याचा रकाना कोरा होता, आणि तिच्या खाली बाळासाठी नाव न लिहिता नुसती एक ओळ मोकळी सोडलेली होती. मी पुस्तक घरी आणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि पाच आठवडे हात लावला नाही. खरं सांगते, घाबरले होते. आत काही लिहिलेलं असलं तर? तिथे 'नाही' असलं, तर मी तिच्या आईवर आणि तिच्यावर केवढी जबरदस्ती केली होती. 'हो' असलं, तर ते तिने मनापासून लिहिलं की माझ्या कटकटीला कंटाळून? आणि माझ्याबद्दलच काही असलं तर?

उत्तर देणं तसं सोपं होतं. मी 'हो' कळवलं असतं तर सॅमीने डोळे मिटून मानलं असतं. एकदा दुपारी टाइपसुद्धा केलं होतं. तोच शब्द, तेच बोट... फोन उशीखाली सारला. शेवटी परवा धीर केला. कपाट उघडलं, आंघोळ झालेली होती तरी उगीच परत हात धुतले, कापड सोडलं आणि ते पान काढलं.

आजोबांची नोंद, वडिलांची नोंद, सगळ्यांची शाई आता तपकिरी झालेली. मग 'सोनाबाई'. बाप्तिस्म्याच्या रकान्यात पेन्सिलीने, चौथीच्या पोरांना गिरवायला द्यावं अशा बारीक, गोल अक्षरात लिहिलेलं होतं, "आईला विचारून सांगते."

खाली तारीखही होती, शाळेत लावलेली सवय. आमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी खाली बसले आणि रडले. नऊ दिवस मी समजत होते, की ती माझ्यावर रुसून बसली आहे. ती तर आईला विचारायला जायच्या तयारीला लागली होती. मेलेल्या माणसाला काय विचारायचं, असं मी विचारलं होतं ना, तिने रकान्यात उत्तर लिहून ठेवलं होतं. माझ्यासाठी, की सॅमीसाठी, की नुसतं स्वतःला धीर यावा म्हणून, देव जाणे.

पानाचा फोटो काढला आणि सॅमीला पाठवला. तिकडे पहाट असणार, तरी लगेच निळ्या खुणा आल्या. त्याचं मराठी वाचन तसं बेताचं. त्याने विचारलं, "मावशी, म्हणजे यस की नो?" मी लिहिलं, "म्हणजे थांब, बाळा." त्याचं उत्तर आलं, "ओके मावशी. थांबतो." पाळकसाहेबांना पान दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते परत वाचलं.

आता पुस्तक माझ्या टेबलावरच असतं. प्रमिलाच्या स्वतःच्या ओळीत मृत्यूचा रकाना भरायचा आहे, ते काम माझ्याकडे आलंय. शाईचं पेन उघडून दोनदा बसले, जमलं नाही. भीती अजून गेलेली नाही, खोटं कशाला सांगू. आई नाही म्हणाली असेल तर? बाभळीखालचं बाळ भेटलंच नसेल तर? पण वरच्या ओळीतलं ते पेन्सिलीचं वाक्य दिसतं आणि मी जरा शांत होते. तिच्या खोलीतून आणलेला रबर मी त्याच पानात ठेवला आहे. खोडायला मला नकोय तो, सॅमीलाही नको. शाळेत ती नेहमी पहिल्या घंटेच्या आत यायची, स्वतःच्या हाताने खोडायची आणि मग शाईने लिहायची.